फिशटँकची पट्टी उघडण्याआधी

टँकवरची ट्यूब मिचमिचायला लागली की हात आपोआप झाकणाकडे जातो. थोडं थांबा. आधी वेळ ठरवा, आणि ती सकाळची ठेवा. आमच्या धुळ्यात मे महिन्यात संध्याकाळ झाली की गल्लीतले सगळे कूलर सुरू होतात, व्होल्टेज बसतं आणि साध्या चोकवरची धडधाकट ट्यूबसुद्धा पेटायला दहा वेळा डोळे मिचकावते. म्हणून सकाळी, पंखा नेहमीच्या वेगाने फिरत असताना ट्यूब लावून बघा. एका दमात लागली तर बहुतेक पट्टी, म्हणजे ट्यूब-चोक-होल्डरची फिटिंग, ठीक आहे, लाइटच कमी येत होती. सकाळीही फडफडली, तर सामान काढायला घ्या.

सामान फार नाही. टेस्टर, स्क्रूड्रायव्हर, दोन-तीन कोरी सुती फडकी, जुना टूथब्रश, बारीक पॉलिश पेपरचा तुकडा, रद्दी आणि मार्कर. मल्टिमीटर असेल तर उत्तम. यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे एक नवा स्टार्टर आणि चालू असल्याची खात्री असलेली, त्याच मापाची ट्यूब. चांगली वस्तू लावून बघणं हीच यातली सगळ्यात खात्रीची तपासणी.

पण बाजारात जाण्याआधी पट्टी नीट बघा. इलेक्ट्रॉनिक चोक असेल तर स्टार्टर नसतोच, उगाच घेऊन याल. ट्यूबच्या टोकावरचा मजकूर लिहून घ्या. दोन फुटी जाड ट्यूब बहुधा 18 वॅटची, 26 मिलिमीटर जाडीची असते. बारीक टी-5 ची जाडी 16. दोघींच्या पिनांमधलं अंतर वेगळं, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. एकाच साध्या चोकवर दोन ट्यूब ओळीने जोडलेल्या असतील तर स्टार्टरही दोन असतात, ते 4 ते 22 वॅटवालेच लागतात, आणि एक ट्यूब गेली की दुसरीही बंद पडते. हे सगळं कागदावर असलं की दुकानदार ‘बठ्ठं बदली टाक ना भो’ (सगळंच बदलून टाक) म्हणाला तरी तुम्ही ठाम राहता.

आता मासे. झाकण निघालं की उड्या मारणाऱ्या जाती थेट फरशीवर येतात, तेव्हा टँकवर काच किंवा पुठ्ठा ठेवायची सोय आधी करा. त्यामुळे स्क्रू किंवा ट्यूब पाण्यात पडायची भीतीही राहत नाही. खोलीतला दिवा चालू असू द्या, म्हणजे ट्यूब अचानक लागली तरी मासे बिथरत नाहीत. दोन-चार दिवस टँकवर उजेड नसला तर माशांचं काही बिघडत नाही, झाडं तेवढी रुसतात. त्यामुळे घाई नको.

मग वीज. नुसतं बटण बंद करून भागत नाही. कितीतरी घरांत बटण चुकून न्यूट्रलवर जोडलेलं असतं, म्हणजे बटण बंद आणि पट्टीत फेज हजर. पट्टीची पिनच सॉकेटमधून उपसा. पाण्यात हात जाणार असेल तर हीटर आणि फिल्टरच्या पिनाही काढा. इलेक्ट्रॉनिक चोक असेल तर पाचेक मिनिटं जाऊ द्या, त्याच्या कॅपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. पाण्याला बोट लावल्यावर कधी मुंग्या आल्या असतील तर ट्यूबचं राहू द्या, आधी अर्थिंग बघून घ्या. आणि वीज गळायला लागली की लाइन तोडणारं 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी नसेल तर या निमित्ताने बसवून टाका, पैसे वाया जात नाहीत.

ट्यूब काढायच्या आधी होल्डर बघा, कारण फिशटँकच्या पट्टीचा खरा शत्रू तिथे बसतो. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड. त्याचे शिंतोडे झाकणाच्या आतून चढतात, वाळतात आणि पिनांवर पांढरा थर धरतो; पितळ असेल तर कळंकही चढतो. माझी पट्टी एकदा दुरुस्तीला दिली, ‘चोक गेला’ म्हणून नवा बसवून मिळाला, आठ दिवसांत पुन्हा अंधार. शेवटी मीच होल्डर खोलला. आत पापडखारासारखा थर, आणि तो खरवडल्यावर ट्यूब लख्ख. जुना चोक बिचारा निर्दोष होता. म्हणून आधी कोरड्या ब्रशने, मग पॉलिश पेपरने पिना चकचकीत करा. होल्डर ओला असेल तर पूर्ण वाळू द्या. त्याला तडा गेला असेल किंवा तो जळून काळा पडला असेल तर सरळ बदला. पुढे शिंतोडे येऊ नयेत म्हणून ट्यूब आणि पाणी यांच्यामध्ये काच हवीच, आणि वायर सॉकेटकडे जाताना खाली झोळ देऊन न्या, म्हणजे थेंब सॉकेटमध्ये न जाता झोळाला टपकतो.

तरीही लागली नाही तर लक्षणं बघा. दोन्ही टोकं लाल आणि मधला भाग अंधारा असेल तर स्टार्टर चिकटलाय. टोकं काळी पडली असतील तर ट्यूब म्हातारी झालीय. मीटर असेल तर एका टोकाच्या दोन पिनांमध्ये काही ओहम दिसायला हवेत. काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली. नुसता गुणगुणाट असेल तर चोकच्या पत्र्याचा किंवा ढिल्या स्क्रूचा. चोकचा नंबर सगळ्यात शेवटी.

ट्यूब फुटली तर आत थोडा पारा असतो. पंखा-कूलर बंद, खिडक्या उघड्या, पंधरा मिनिटं खोलीबाहेर; मग जाड कागदाने आणि चिकटपट्टीने तुकडे उचला, केरसुणी लावू नका. शिवाय 2023 मध्ये जिनिव्हात झालेल्या, पाऱ्याच्या वापराला आळा घालणाऱ्या मिनामाता कराराच्या बैठकीत या सरळ ट्यूबचं उत्पादन 2027 अखेरपर्यंत थांबवायचं ठरलं आहे. तेव्हा एक जादा ट्यूब घेऊन ठेवा, नाहीतर चोक काढून एलईडीवर जायचा विचार आत्ताच करा.

नव्या ट्यूबच्या टोकावर मार्करने आजची तारीख टाका. मग हीटर, फिल्टर दोन्ही पिना परत लावा. मी एकदा फिल्टर विसरलो होतो, सकाळी सगळे मासे वर येऊन तोंड उघडं टाकत होते. पाण्याची खळखळ ऐकू आली की मगच हात धुवायला जा.