ठाण्याहून चिवडा-चकली परगावी कशी पाठवावी

चिवडा दोन-तीन महिने टिकतो, लोणचं वर्षभर. मग चार दिवस ट्रकमध्ये राहिल्याने त्याला काय होणार, असं आम्हालाही वाटायचं. वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यातून भाजणीच्या चकलीची पहिली खेप नागपूरला गेली आणि तिकडच्या दुकानदाराचा फोन आला, "ताई, चव मस्त आहे, पण चमच्याने खावी लागते." माल खराब झालेला नव्हता, त्याचा भुगा झाला होता. टिकाऊ पदार्थ रस्त्यावर सहसा सडत नाही. तो तुटतो, दबतो, ओल धरतो, नाहीतर शेजारच्या मालाचा वास घेऊन उतरतो. पुढची सगळी खटपट एवढ्यासाठीच.

आधी बॉक्स ठरवा, मग पाकीट

बहुतेकजण आधी छान पाकीट छापून घेतात आणि मग त्याच्या मापाचा बॉक्स शोधत फिरतात. उलट करा. एका माणसाला न कण्हता उचलता येईल असा 10-12 किलोंचा पाच प्लायचा (पुठ्ठ्याच्या पाच थरांचा) बॉक्स ठरवा आणि त्यात पाकिटं गच्च बसतील असं माप काढा. तीन प्लायचा बॉक्स गावातल्या गावात चालतो. पार्ट लोडच्या, म्हणजे अनेकांचा माल एकत्र नेणाऱ्या गाडीत त्याच्यावर कोणाचा काय माल चढेल याचा नेम नसतो.

बॉक्स भरून झाला की टेप मारा, तो कानाशी धरून हलवा. आत खडखड झाली तर जागा रिकामी आहे, पुठ्ठ्याचे तुकडे घालून भरून काढा. मग तो कमरेच्या उंचीवरून खाली सोडा: एकदा तळावर, एकदा कडेवर, एकदा कोपऱ्यावर. जीव वर-खाली होतो, पण हमाल यापेक्षा हळू ठेवणार नाही. आता उघडून मोडलेले तुकडे मोजा. आमची चकली या परीक्षेत सलग तीनदा नापास झाली. सुट्ट्या पाकिटाऐवजी ट्रेमध्ये आडवी रचून, दर थरामध्ये पुठ्ठा घातल्यावर कुठे पास झाली. चिवड्याच्या पाकिटात हवा किंवा नायट्रोजन ठासून भरू नका. कसारा घाट चढताना बाहेरचा दाब कमी होतो, पाकीट फुगतं आणि कच्चं सील असेल तर तिथेच सुटतं.

लोणच्याचा प्रश्न वेगळा. मे महिन्यात बंद गाडी भट्टीसारखी तापते, तेल प्रसरण पावतं आणि घट्ट झाकणातूनही वाट काढतं. बरणी काठोकाठ भरू नका, झाकणाखाली इंडक्शन सील (बरणीच्या तोंडाला उष्णतेने चिकटवलेली फॉइलची चकती) हवंच. रवाना करण्याच्या आदल्या रात्री दर बॅचमधल्या दोन-तीन बरण्या वर्तमानपत्रावर उलट्या ठेवा. सकाळी कागदावर तेलाचं कडं दिसलं तर ती बॅच पुन्हा सील करा. प्रत्येक बरणी वेगळ्या प्लास्टिक पिशवीत घाला, म्हणजे एक गळली तरी अकरा वाचतात.

पावसाळ्यात पुठ्ठा दमट हवेनेच मऊ पडतो, त्यावर थेंब पडायची गरज नसते. बॉक्स फरशीवर न ठेवता लाकडी पॅलेटवर ठेवा, आत प्लास्टिकचं अस्तर घाला. रचताना कोपऱ्यावर कोपरा येऊ द्या, कारण बॉक्सचं बळ कोपऱ्यांत असतं. विटांसारखी सांधे चुकवून रास लावली की खालचे बॉक्स दबतात.

भाडं वजनाचं नसतं, जागेचं असतं

चिवडा विकणाऱ्याला सगळ्यात जास्त इथे चटका बसतो. 45 बाय 35 बाय 30 सेंटिमीटरच्या बॉक्समध्ये आमचा पोह्याचा चिवडा जेमतेम पाच किलो मावतो. कुरिअरवाला मात्र तिन्ही मापांचा गुणाकार करून त्याला 5000 ने भागतो: 47,250 भागिले 5000, म्हणजे जवळजवळ साडेनऊ किलो. पैसे साडेनऊ किलोचे. काही कंपन्या 4000 ने भागतात, मग तोच बॉक्स बारा किलोंच्या घरात जातो. ट्रान्सपोर्टवाले घनफुटाचा हिशोब लावतात. दर विचारण्याआधी 'कितीने भागता?' हे विचारा. मसाला किंवा लोणचं असेल तर उलट, तिथे खरं वजनच जास्त भरतं. म्हणून आम्ही चिवड्याबरोबर मसाल्याचे बॉक्स एकाच खेपेत लावतो.

गाडी

दोन-चार बॉक्स असतील तर सरफेस कुरिअर, म्हणजे विमानाऐवजी रस्त्याने जाणारं. त्यापुढे पार्ट लोड. ठाण्याचा बराचसा माल आधी भिवंडीला, मानकोली-अंजूरफाट्याकडच्या गोडाऊनांत जातो आणि तिथून लांबच्या गाडीत चढतो. नवी मुंबईकरांना तुर्भे-कळंबोली जवळ पडतं. समृद्धी महामार्ग 5 जून 2025 पासून नागपूर ते भिवंडीजवळचं आमणे असा पूर्ण 701 किलोमीटर खुला झाला आहे, विदर्भाच्या खेपेला त्याचा मोठा फायदा. ठाणे शहरात अवजड गाड्यांना ठरावीक वेळेतच सोडतात, त्यामुळे भिवंडीपर्यंत छोटा हत्तीच बरा. घोडबंदर रोडकडून येणार असाल तर निघायची वेळ अंदाजाने नको, दोन तास आधीची धरा.

बुकिंगच्या वेळी गाडीत आणखी काय भरणार आहे ते विचारा. अगरबत्ती, साबण, कीटकनाशक असेल तर पुढच्या गाडीची वाट बघा. खाद्यपदार्थ वाहणाऱ्याकडे त्याचाही एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवान्याचा) नंबर असायला हवा, तोही मागून घ्या.

कागद

पाकिटावर तुमचा 14 अंकी एफएसएसएआय नंबर, हिरवा ठिपका, घटक, निव्वळ वजन, एमआरपी, बॅच, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख हे असतंच. बॅच आणि मुदत बॉक्सच्या बाहेरही लिहा. गोडाऊनमध्ये कोणी बॉक्स फोडून तारीख बघत नाही.

राज्याबाहेर चिवडा विकायचा तर उलाढाल कितीही छोटी असो, जीएसटी नोंदणी लागते. पापडावर करच नाही, म्हणून फक्त पापड विकणाऱ्या मावशींना हा जाच नाही. ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन परवाना) परराज्यात 50,000 रुपयांवरच्या मालाला, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखावरच्या मालाला लागतं. त्याची मुदत दर 200 किलोमीटरला एक दिवस. इंदूर आपल्यापासून 400 च्या पुढे आणि 600 च्या आत, म्हणजे तीन दिवस. गाडी भिवंडीतच अडकून राहिली तर मुदत संपण्याआधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवून घेता येते. ट्रान्सपोर्टरवर सोडू नका, फोनमध्ये गजर लावा.

बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टरची माल घेतल्याची पावती, हातात आली की लगेच वाचा. बॉक्सची संख्या, 'पेड' (भाडं आपण भरलेलं) की 'टू पे' (माल घेणारा भरणार), डोअर डिलिव्हरी की गोडाऊन डिलिव्हरी, हमाली कोणाच्या माथी. आणि मालाची किंमत. रस्ते वाहतुकीच्या 2007 च्या कायद्याखाली, जास्त किंमत आधी लेखी जाहीर करून त्याचा वेगळा दर भरला नसेल, तर ट्रान्सपोर्टरची जबाबदारी भाड्याच्या दहापटीवर थांबते. 600 रुपये भाड्यावर 30,000 चा माल गेला तर हाती 6,000. दिवाळीच्या खेपेला आम्ही ट्रान्झिट इन्शुरन्सही (वाटेतल्या नुकसानीचा विमा) काढतो.

तिकडच्या दुकानदाराला आधीच फोन करून ठेवा: बॉक्स दबलेला किंवा ओला दिसला तर डिलिव्हरीच्या कागदावर सही करण्याआधी 'दोन बॉक्स दबलेले' असं लिहा आणि बॉक्स न फोडता फोटो काढा. नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत द्यावी लागते, डिलिव्हरीच्या तारखेपासून नव्हे.