पती-पत्नीने मिळून मंडळी चालवायची असेल तर

पाळकाची, म्हणजे ख्रिस्ती मंडळीच्या धर्मगुरूची, नेमणूक झाली की महिला मंडळ, शब्बाथशाळा (रविवारचे बायबलचे वर्ग) आणि आजाऱ्यांच्या भेटी पाळकबाईंनीच, म्हणजे त्यांच्या पत्नीनेच, सांभाळाव्यात, असे आपल्या सोलापुरातल्या मंडळ्यांत बहुधा गृहीत धरले जाते; नेमणुकीच्या पत्रात मात्र त्यांचे नाव नसते. म्हणून दोघांनी मिळून नेतृत्व करायचे ठरल्यास, कोणाकडे कोणते काम, कोणता अधिकार आणि किती मानधन, हे रुजू होण्याआधीच कमिटीच्या ठरावात लिहून घ्यावे. यात नवे काही नाही. बायबलमधील प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या तंबू शिवणाऱ्या दांपत्याने अपुल्लो या उपदेशकाला मिळून शिकवले आणि त्यांच्या घरीच मंडळी जमत असे. विल्यम व कॅथरीन बूथ यांनी 1865 मध्ये लंडनात सुरू केलेल्या कार्यातून उभ्या राहिलेल्या मुक्तिफौजेत (साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेत) तर पत्नीही स्वतंत्र अधिकारी असते.

कामाची वाटणी अंगच्या गुणांवरून करावी. पत्नीचा उपदेश अधिक परिणामकारक असेल, तर पतीने हिशेब आणि घरभेटी पाहण्यात कमीपणा मानू नये. विवाहविधीचे मात्र तसे नाही. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखालील परवाना ज्याच्या नावे असेल, त्यानेच विवाह लावावा. जोडीदाराचा परवाना आपल्याला चालत नाही.

खरी कसोटी पैशांत लागते. धनादेशावर केवळ या दोघांच्याच सह्या कधीही नसाव्यात, एक सही खजिनदाराची असावी. रविवारचे अर्पण कुटुंबाबाहेरच्या दोघांनी उपासनेनंतर तिथेच मोजून वहीत सही करावी, मग ती पेटी कितीही हलकी असो. मंडळीचा सार्वजनिक न्यास नोंदलेला असल्यास विश्वस्तांमधील बदल 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. मानधनाचा किंवा पाळकनिवासाचा विषय निघाला की दोघांनीही बैठकीतून उठून बाहेर जावे. एक बाहेर आणि एक आत, ही पळवाट सर्वांनाच दिसते.

घरभेटींना या शहराची वेळ पाळावी लागते. विडी वळणारी बहीण तयार विड्या कारखान्यात देऊन पान-तंबाखू घरी आणते आणि पुन्हा सूप मांडीवर घेऊन बसते. तिची मजुरी नगावर असल्याने ‘जरा हात थांबवा, प्रार्थना करू’ असे म्हणणे तिला परवडत नाही. पाळकबाईंनी शेजारी बसून, तिचे हात चालू असतानाच बोलावे. यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेल्या भावाला सकाळी उठवू नये, त्याच्याकडे पतीने संध्याकाळी जावे.

अशा भेटीत एखादीने नवऱ्याच्या दारूविषयी किंवा मारहाणीविषयी सांगितले, तर ते तिच्या परवानगीशिवाय पाळकाच्याही कानावर जाऊ नये. ‘आमच्यात काही लपत नाही’ हे वाक्य संसारात शोभते, पण मंडळीत त्यानेच विश्वास उडतो. तिच्या किंवा मुलांच्या जिवाला धोका दिसल्यास मात्र, तिला स्पष्ट सांगून, मदत मिळवावीच लागेल.

दोघांमधले घरगुती वाद घरात ठेवावेत, पण मंडळीच्या कामाविषयी बैठकीत आधीच जुळवून आणलेले एकमत मांडू नये. कमिटीला दोन मते ऐकण्याचा हक्क आहे. आठवड्यातील एक दिवस दोघांनाही सुटी असावी. तो कोणता हे रविवारच्या सूचनांमध्ये जाहीर करावे आणि त्या दिवशी तातडीचे आजारपण उद्भवल्यास कमिटीतल्या कोणत्या पंचाला फोन करायचा, हेही तेव्हाच सांगावे.