परदेशातील तंत्रज्ञान प्रदर्शनाचे वार्तांकन: बार्सिलोनाला निघण्यापूर्वी आणि पोहोचल्यावर

बार्सिलोनातील मोबाइल वर्ल्ड काँग्रेस या वार्षिक मोबाइल प्रदर्शनाला वार्ताहर पाठवण्याचा खर्च एखाद्या मराठी वृत्तपत्राने किंवा संकेतस्थळाने का करावा, या प्रश्नाचे उत्तर तिकीट काढण्यापूर्वीच तयार असले पाहिजे. मोठ्या कंपन्यांची भाषणे आता यूट्यूबवर थेट दिसतात, प्रसिद्धिपत्रके त्याच मिनिटाला पुण्यातल्या टेबलावर ईमेलने येऊन पडतात आणि चांगल्या प्रतीची छायाचित्रेही त्यांना जोडलेली असतात. तेवढ्याचीच बातमी करायची असेल तर ती घरी बसून अधिक लवकर आणि अधिक नीट होते. प्रत्यक्ष जाण्याला अर्थ येतो तो वस्तू हातात घेऊन पाहता येते म्हणून, आणि ती बनवणाऱ्या अभियंत्याला प्रसिद्धी अधिकाऱ्याच्या मध्यस्थीशिवाय चार प्रश्न विचारता येतात म्हणून. पुढील सर्व सूचना याच हिशेबावर बेतलेल्या आहेत.

मोबाइल कंपन्यांची जागतिक संघटना असलेली जीएसएमए हे प्रदर्शन भरवते. 2006 मध्ये ते फ्रान्समधील कानहून बार्सिलोनाला आले आणि 2013 पासून ते शहराच्या दक्षिण टोकाला, फिरा ग्रान व्हिया या आठ दालनांच्या प्रदर्शन संकुलात भरते. फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्चचा आरंभ, सोमवार ते गुरुवार, हा त्याचा ठरलेला काळ आहे. अशाच इतर मोठ्या तंत्रज्ञान प्रदर्शनांपैकी लास वेगासचे सीईएस जानेवारीच्या सुरुवातीला, तैपेईचे कॉम्प्युटेक्स मे-जूनच्या सुमारास आणि बर्लिनचे इफा सप्टेंबरच्या आरंभी भरते. तयारी सर्वत्र सारखीच करावी लागते. फरक पडतो तो मुख्यतः व्हिसा, घड्याळ आणि विजेच्या बाबतीत.

नोंदणी आणि व्हिसा

पत्रकार म्हणून प्रवेशपत्र मिळवण्यासाठी संपादकाचे पत्र आणि अलीकडे आपल्या नावानिशी प्रसिद्ध झालेले तंत्रज्ञानविषयक लेख मागितले जातात. अर्ज तपासणाऱ्याला मराठी वाचता येत नाही, हे गृहीत धरून प्रत्येक लेखाच्या दुव्याखाली इंग्रजीत दोन ओळींचा सारांश आणि आपल्या प्रकाशनाची थोडक्यात ओळख द्यावी. केवळ दुवे पाठवून गप्प बसणाऱ्याचा अर्ज मागे पडतो. नोंदणी पक्की झाल्यावरच आयोजकांकडून व्हिसासाठी पत्र मिळते, म्हणून हे काम हिवाळा लागण्यापूर्वी हातावेगळे केलेले बरे.

स्पेनसाठी शेंगेन, म्हणजे युरोपातील अनेक देशांसाठी एकच असलेला, व्हिसा लागतो. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो; निर्णयाला साधारणतः पंधरा दिवस लागतात, पण प्रकरण अधिक तपासणीसाठी गेले तर पंचेचाळीस दिवसही लागू शकतात. किमान 30,000 युरोंचे संरक्षण देणारा प्रवासविमा सक्तीचा आहे. मुक्त पत्रकारांनी प्राप्तिकराची विवरणपत्रे, बँकेचे तपशील आणि ज्यांच्यासाठी लिहिणार त्या संपादकांची पत्रे एकत्र ठेवावीत, कारण नोकरीचे पत्र नसल्याने परत येण्याची हमी कागदांतूनच दिसावी लागते. अमेरिकेची गोष्ट वेगळी आहे. सीईएसच्या वार्तांकनासाठी जाणाऱ्याने पर्यटक किंवा व्यावसायिक व्हिसावर काम भागवू नये. प्रसारमाध्यमांतील लोकांसाठी तेथे ‘आय’ या वर्गाचा स्वतंत्र व्हिसा असतो आणि विमानतळावरच्या अधिकाऱ्याने कामाचे स्वरूप विचारले तर खरे उत्तर द्यावेच लागते.

मुक्काम आणि खाणे

प्रदर्शनाच्या आठवड्यात बार्सिलोनातील हॉटेलांचे दर अंगावर येतात. संकुलाच्या अगदी शेजारी राहण्याचा अट्टहास न करता प्लासा देस्पान्या चौकाच्या परिसरात खोली पाहावी. तेथून उपनगरी गाडी थेट ‘एउरोपा-फिरा’ स्थानकात उतरवते, तर विमानतळावरून मेट्रोची एल-9 दक्षिण ही मार्गिका संकुलापाशी येते. एकाच मार्गावर मात्र विसंबू नये. 2016 मध्ये ऐन प्रदर्शनाच्या दिवसांत मेट्रो कर्मचाऱ्यांनी संप केला होता. गाड्यांमधील आणि जिन्यांवरील पाकीटमारीसाठी हे शहर कुप्रसिद्ध आहे, तेव्हा गळ्यातले प्रवेशपत्र संकुलाबाहेर पडताच काढून ठेवावे. ते म्हणजे पिशवीत महागडा कॅमेरा आहे, अशी जाहिरातच असते.

स्पेनमध्ये दुपारचे जेवण दोननंतर आणि रात्रीचे नऊनंतर होते, त्यामुळे मराठी पोटाने चिवडा, खाकरे आणि शेंगदाण्याची चटणी जवळ ठेवावी. पेढे आणि तूप मात्र घरीच राहू द्यावे. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना मांसाचे व दुधाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे. ‘तोर्तिया’ या बटाट्याच्या जाड वड्यांत अंडे असते, हे शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावे.

घड्याळ

अंकाची वेळ आणि प्रदर्शनाची वेळ यांचा मेळ घालणे हा या कामातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत बार्सिलोनाचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. म्हणजे तेथे संध्याकाळी सहा वाजता सुरू होणारे भाषण आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होईल आणि शहर आवृत्तीचे पान लागण्यापूर्वी जेमतेम चार परिच्छेद हाती लागतील. अशा दिवशी पार्श्वभूमीचा मजकूर दुपारीच लिहून पाठवावा आणि रात्री फक्त किंमत, तारीख आणि एखादे उल्लेखनीय विधान भरावे. लास वेगासला जानेवारीत हे अंतर साडेतेरा तासांचे होते. तेथील संध्याकाळी साडेसहाचे भाषण म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे आठ, त्यामुळे छापील अंकासाठी लिहिणाऱ्याला पूर्ण दिवस मिळतो आणि संकेतस्थळासाठी लिहिणाऱ्याची झोप जाते. तैपेई उलट अडीच तास पुढे आहे. माझ्या मते दैनिकाच्या वार्ताहराला याहून सोयीचे प्रदर्शन नाही.

बातमी ठरावीक क्षणापूर्वी प्रसिद्ध न करण्याच्या अटीवर, म्हणजे एम्बार्गोवर, कंपन्या आधी माहिती देतात तेव्हा वेळ कोणत्या प्रदेशाची आहे हे ईमेलमध्ये बारकाईने वाचावे. ‘सकाळी आठ, पॅसिफिक’, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ, असे जानेवारीत लिहिले असेल तर ती आपल्याकडे रात्री साडेनऊची वेळ आहे. ही वेळ भारतीय प्रमाणवेळेत रूपांतरित करून कार्यालयातल्या सहकाऱ्यांना लेखी कळवावी. वार्ताहराला अट ठाऊक असते, पण संकेतस्थळावर कळ दाबणाऱ्याला ती ठाऊक नसते, आणि अट मोडल्याची शिक्षा पुढे कित्येक महिने वार्ताहराच्या वाट्याला येते.

सामान

पॉवर बँक हातातल्या सामानातच न्यावी लागते. 100 वॉट-तासांपर्यंतची सहसा चालते, त्यावर 160 पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. पेटीवर वॉट-तास छापलेले नसतील तर मिलिअँपिअर-तासांना 3.7 ने गुणून हजाराने भागावे: 20,000 ची पॉवर बँक 74 वॉट-तासांची निघते, 30,000 ची 111 वर जाते आणि अडवली जाऊ शकते. पॉवर बँक नेण्यावाचून मात्र गत्यंतर नाही, कारण प्रदर्शनात मोकळा प्लग शोधत फिरण्यात अर्धा दिवस जातो. शिवाय 10 जानेवारी 2018 रोजी लास वेगासच्या मध्यवर्ती दालनातली वीजच सुमारे दोन तास गेली होती.

चित्रीकरण करणाऱ्याने विजेची वारंवारता पाहावी. युरोपात आपल्यासारखीच 50 हर्ट्झची वीज आहे, म्हणून शटरचा वेग सेकंदाचा पन्नासावा भाग ठेवला की दिव्यांचे लुकलुकणे दिसत नाही. अमेरिका आणि तैवानमध्ये ती 60 हर्ट्झची असल्याने तो साठावा भाग करावा लागतो. दालनातल्या गोंगाटात कॅमेऱ्याच्या अंगच्या माइकवर काहीही नीट येत नाही, म्हणून कॉलरला लावायचा माइक हवाच. महागडा कॅमेरा आणि भिंगे नेताना मुंबई विमानतळावर जाण्याच्या वेळीच सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून क्रमांकांसह निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परतताना ही सामग्री परदेशात विकत घेतलेली नाही हे सिद्ध करत बसावे लागत नाही. विमान पकडण्याच्या घाईत हे हमखास राहून जाते.

दालनात

बऱ्याच कंपन्या आपली नवी उपकरणे सोमवारी प्रदर्शन उघडण्याआधी, रविवारीच शहरात ठिकठिकाणी सादर करतात, त्यामुळे शनिवारी पोहोचणे श्रेयस्कर. सोमवारी मोठ्या दालनांत पाय ठेवायला जागा नसते. हुआवेचा अवाढव्य मंडप असलेल्या पहिल्या दालनापासून आठव्यापर्यंत चालायलाच गर्दीत बराच वेळ लागतो. म्हणून भेटी दालनांच्या क्रमाने लावाव्यात आणि दोन भेटींमध्ये किमान अर्धा तास मोकळा सोडावा. लहान कंपन्यांसाठी गुरुवार राखावा. त्या दिवशी गर्दी ओसरलेली असते, मंडपातली माणसे कंटाळलेली असतात आणि अभियंते मोकळेपणाने बोलतात.

प्रश्न मात्र घरून नेलेले असावेत. 2017 मध्ये नोकियाच्या नावाने फोन काढणाऱ्या एचएमडी कंपनीने नोकिया 3310 याच प्रदर्शनात नव्या रूपात आणला, तेव्हा तेथील सर्वांत महागड्या फोनांपेक्षा या 49 युरोंच्या फोनभोवती अधिक झुंबड उडाली. जगभरातल्या वार्ताहरांनी रंग, सापाचा खेळ आणि बॅटरी यांवर रकाने भरले. भारतीय वाचकाच्या दृष्टीने खरी बातमी तांत्रिक तक्त्यातल्या एका ओळीत होती: हा फोन केवळ 2जी जाळ्यावर चालणार होता. म्हणजेच त्या काळी घरोघरी पोहोचत असलेले जिओचे सिमकार्ड, जे तेव्हा केवळ 4जीवर चालत असे, त्यात उपयोगी पडणार नव्हते. मे महिन्यात तो भारतात 3,310 रुपयांना आला. पण ही ओळ बार्सिलोनातच वाचून विचारता येण्यासारखी होती.

आता तोच प्रश्न 5जीच्या बाबतीत विचारावा. भारतात जिओची 5जी सेवा 700 आणि 3300 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत, म्हणजे एन-28 आणि एन-78 वर चालते. युरोपसाठी बनवलेल्या फोनमध्ये हे दोन्ही आहेत का, आणि भारतातल्या आवृत्तीत ते तसेच राहतील का, हे विचारल्यावर मंडपातला तरुण गोंधळतो आणि आतून उत्पादनप्रमुखाला बोलावून आणतो. मुलाखत तेथून सुरू होते.

मांडलेला फोन हातात आला की प्रथम मराठी कळफलक निवडून ‘दुसऱ्या’ आणि ‘कऱ्हाड’ हे शब्द टंकावेत. ऱ्या-मधला अर्धा र नीट उमटतो की पाय मोडलेला र आणि त्यापुढे सुटा य दिसतो, हे तीन सेकंदांत कळते. मग ‘ळ’ कितव्या थरात लपवला आहे ते पाहावे. भाषांतर करणारे यंत्र असेल तर हिंदीचे प्रात्यक्षिक नम्रपणे थांबवून स्वतः मराठीत एक लांब वाक्य बोलावे, आणि तेही दालनातल्या त्याच गोंगाटात, कारण ग्राहक ते बाजारातच वापरणार आहे. ‘सॉफ्टवेअर अजून अंतिम नाही’ हे उत्तर ठरलेले असते. ते नोंदवावे आणि अंतिम सॉफ्टवेअर कधी येणार तेही लगेच विचारावे.

जी वस्तू केवळ कल्पना म्हणून मांडली आहे तिची बातमी देताना ते पहिल्याच परिच्छेदात सांगावे. 2024 मध्ये लेनोवोने बार्सिलोनात आरपार दिसणाऱ्या पडद्याचा लॅपटॉप दाखवला होता. छायाचित्रासाठी तो अप्रतिम विषय होता, परंतु कंपनीने स्वतःच त्याला संकल्पना म्हटले होते. मथळ्यात ‘येत आहे’ असे लिहिणे म्हणजे वाचकाची दिशाभूल ठरली असती.

खर्च कोणाचा

मराठी माध्यमांतील बहुतेक परदेश दौरे एखाद्या कंपनीच्या खर्चाने होतात, हे उघड सत्य आहे. निमंत्रण घेणे न घेणे हा संपादकाचा निर्णय. पण घेतले तर दोन गोष्टी निघण्यापूर्वी लेखी ठरवाव्यात. पहिली, लेखाखाली ‘वार्ताहराच्या प्रवासाचा खर्च अमुक कंपनीने केला’ असे छापले जाईल. दुसरी, चार दिवसांपैकी निदान दोन दिवस वार्ताहर प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या मंडपांसाठी मोकळा असेल. यजमान कंपन्या कारखाना-भेट, शहरदर्शन आणि मेजवानी यांनी दिवस असा गच्च भरतात की प्रदर्शन पाहायचेच राहते. पहिल्या अटीला कोणी हरकत घेतली तर त्या दौऱ्याला जाऊ नये. मंडपात मिळणारी भेटवस्तूही याच नियमात बसते. परीक्षणासाठी दिलेला फोन असेल तर परत करण्याची तारीख लिहून घ्यावी.

परतल्यावर पहिल्या दोन दिवसांत भेटकार्डांवर त्या त्या माणसाने काय सांगितले ते लिहून काढावे, कारण आठवड्यानंतर सगळे चेहरे एकसारखे होतात. ज्यांनी ‘कळवतो’ म्हटले त्यांना एक आठवण पाठवावी आणि भारतातील किंमत, विक्रीची तारीख व दुरुस्ती केंद्रे यांबद्दल कंपनीच्या भारतीय कार्यालयाला स्वतंत्रपणे विचारावे. बार्सिलोनातल्या अधिकाऱ्याने दिलेले आश्वासन आणि गुरुग्रामच्या कार्यालयाने दिलेले उत्तर जुळत नसेल, तर दोन्ही तारखांसह छापावीत.