आरसी ट्रेनर विमान खाली कसं आणायचं (वर नेणं त्यामानाने सोपं आहे)

रविवारी सकाळी मैदानावर कोणीतरी नवीन आलेलं असतंच. हातात कोरं करकरीत, रिमोटने उडवायचं (आरसी) फोमचं विमान आणि कुठूनतरी ऐकलेला सल्ला, "थ्रॉटल (मोटरची पॉवर) कमी करा, हळूच वर खेचा, ते आपोआप बसतं." याच सल्ल्यापायी मी दोन विमानं मोडलीत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

विमान हाय-विंग ट्रेनर (पंख वर बसवलेलं, शिकायचं विमान) आहे, सिम्युलेटरवर हात बसलाय, बॅलन्स (वजनाचा तोल) मॅन्युअलमध्ये दिलाय तिथेच येतोय आणि शेजारी क्लबमधला जुना माणूस उभा आहे, हे सगळं मी धरून चालतो. बॅलन्स मागे असेल तर उडवूच नका, बॅटरी पुढे सरकवा. आणि नियमाचं एकदाच सांगतो: डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा उघडून आपली जागा ग्रीन झोनमध्ये (परवानगीशिवाय उडवता येणाऱ्या भागात) आहे ना ते स्वतः बघा, तिथेही ४०० फुटांच्या वर जायचं नाही. लोहगावसारख्या विमानतळाला लागून राहत असाल तर सोसायटीच्या मोकळ्या प्लॉटवर उडवायचा विचारही नको, क्लबच्या मैदानावरच या.

आधी रिमोट चालू, मग बॅटरी जोडायची. विमानाच्या मागे उभं राहून स्टिक उजवीकडे न्या, उजवा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पट्टी) वर गेला पाहिजे. उलटा गेला तर घरी जाऊन दुरुस्त करा, मैदानावर घाईत नाही. फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटर बंद करणारी सोय) प्रॉपेलर काढून तपासायचा: रिमोट बंद केला की मोटर थांबलीच पाहिजे. नवीन रिमोट घेतल्यावर लोक नेमकं हेच विसरतात.

टेक-ऑफ वाऱ्याच्या तोंडावर, थ्रॉटल हळूहळू पूर्ण, रडरने (शेपटीच्या उभ्या पट्टीने) सरळ ठेवा, स्पीड आला की हलकंसं वर. झालं.

शंभर-दीडशे फुटांवर जाऊन ट्रिम करून घ्या, म्हणजे स्टिक सोडली तरी विमान सरळ उडेल असं जुळवा. विमान तुमच्याकडे तोंड करून येत असेल तेव्हा डावं-उजवं डोक्यात उलटं करत बसू नका, जो पंख खाली गेलेला दिसतो त्याच बाजूला स्टिक न्यायची, जणू त्या पंखाला खालून टेकू देताय. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं.

आता लँडिंग. थांबून वाचा.

माझं दुसरं विमान बालसाच्या हलक्या लाकडाचं होतं, तीन महिने रात्री जागून चिकटवलेलं. पश्चिमेचा वारा चांगलाच होता. वारा पाठीशी घेऊन विमान माझ्यासमोरून गेलं ते फार जोरात चाललंय असं वाटलं, म्हणून मी थ्रॉटल कमी केला. मग मैदानाकडे वळवलं, वळताना ते खाली बसायला लागलं, म्हणून एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी स्टिक) मागे खेचला. डावा पंख एकदम खाली पडला आणि विमान गिरकी घेत शेजारच्या उसात गेलं. पुरुषभर उंचीच्या उसात दोन तास शोधलं. मी सरीतून चालत स्टिक हलवायचो आणि कान देऊन ऐकायचो, शेवटी सर्व्होची (पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरची) किर्र किर्र ऐकू आली तेव्हा सापडलं. ऊसाच्या पात्यांनी हात चिरले होते आणि पंख मधोमध तुटला होता. शेतकरी दादांनी पाणी दिलं, रागावले नाहीत, पण मला मात्र फार वाईट वाटलं.

चूक कुठे झाली ते आकड्यात बघा. समजा वारा ताशी २० किलोमीटर आहे आणि विमान हवेत ताशी ४० ने चाललंय. वारा पाठीशी असताना ते जमिनीवरून ६० ने पळताना दिसतं. तुम्ही घाबरून ते ४० वर आणता, म्हणजे हवेतला स्पीड उरला २०. तुमचं ट्रेनर २५ ला स्टॉल होत (पंखाची उचल संपून पडत) असेल तर ते आत्ताच संपलंय. डोळ्याला दिसतो तो जमिनीवरचा स्पीड, आणि पंखाला कळतो फक्त हवेतला. त्यात वळणाची भर. उंची राखून ४५ अंश कलून वळलात तर स्टॉलचा स्पीड साधारण १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांना ४१ टक्क्यांनी. म्हणजे स्पीड सगळ्यात जास्त लागतो त्याच क्षणी आपण तो काढून घेतो, आणि वर एलिव्हेटर खेचतो.

म्हणून माझा नियम पक्का आहे: शेवटचं वळण पूर्ण होऊन नाक धावपट्टीच्या रेषेत येत नाही तोवर पॉवर ठेवायची. वळण मोठं घ्या, जागा भरपूर वापरा, कल ३० अंशांच्या आत. वळताना विमान थोडं खाली गेलं तर जाऊ दे, त्यासाठीच उंचावरून सुरुवात करायची. आणि थ्रॉटल उंचीसाठी, एलिव्हेटर स्पीडसाठी, हे रात्री झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. उंची कमी पडतेय? थ्रॉटल. एलिव्हेटरचा अंगठा मागे जातोच, सगळ्यांचा जातो, माझा आजही जातो, तो तुम्हाला जाणूनबुजून थांबवावा लागतो. नाक किंचित खाली ठेवून या.

हे शिकायची माझी पद्धत अशी. आधी दीडशे फुटांवर वाऱ्याच्या तोंडावर थ्रॉटल बंद करा आणि एलिव्हेटर हळूहळू मागे घ्या, विमान कसं सुस्तावतं, स्टिकला उशिरा उत्तर देतं आणि नाक कसं टाकतं ते डोळ्यात साठवा. स्टिक सोडून पॉवर द्या, सावरेल. चार-पाच वेळा करा. मग पुढच्या दोन-तीन रविवारी उतरायचंच नाही असं ठरवून फक्त अप्रोच करा: रेषेत या, दोन पुरुष उंचीवर फुल्ल थ्रॉटल, पंख सरळ, मग वर. सुरुवातीच्या प्रत्येक फ्लाइटला शेजारच्या जुन्या माणसानेच उतरवून द्यावं, त्यात कमीपणा काही नाही. अप्रोच बिघडला की पुन्हा फिरायचं, "जमेल बहुतेक" म्हणून ओढूनताणून आणलेलं विमान मी जमिनीवर आपटतानाच जास्त बघितलंय. त्यासाठी बॅटरी शिल्लक हवी, म्हणून २२०० mAh च्या बॅटरीवर सुरुवातीला टायमर पाच मिनिटांचाच लावा.

रेषेत आल्यावर थ्रॉटल थोडा थोडा कमी, पंख सरळ. शेवटच्या फुटा-दीड फुटावर थ्रॉटल बंद आणि एलिव्हेटर अगदी थेंबभर, तेही वर चढवायला नाही, खाली जाणं मंदावायला. जास्त खेचलंत तर ते फुगून पुन्हा वर जातं आणि तिथून पडतं. उड्या मारत धावत गेलं तरी चालेल, मुरमाचं मैदान आहे, चाकं त्यासाठीच असतात.

शिकायला हिवाळ्यातली सकाळ, साडेनऊच्या आत. उन्हाळ्यात अकरा वाजता मैदानावर घारी पंख न हलवता घिरट्या घालताना दिसल्या की समजा थर्मल (वर चढणारे गरम हवेचे झोत) सुरू झालेत, तेव्हा ट्रेनर धावपट्टीवर तरंगतच राहतं, खाली बसत नाही, नवशिक्यानं तेव्हा सावलीत बसून दुसऱ्यांचे अप्रोच बघावेत, त्यातून फार शिकायला मिळतं.

उतरायच्या आधी मोठ्याने "लँडिंग!" ओरडा, आणि विमान आणायला आत जाताना "मैदानात माणूस!" ओरडा, बाकीच्यांनी हात वर केल्याशिवाय आपण उभे असतो ती लाइन ओलांडू नका. लहान मुलं पळत येतात, त्यांना आधी थांबवा. विमानाजवळ गेल्यावर आधी बॅटरी काढायची, रिमोट नंतर बंद, आणि प्रॉपेलरला नख लावून कुठे चीर गेलीय का ते बघून मगच दुसरी बॅटरी लावायची.