मानेतली रक्तवाहिनी अरुंद झाली: ऑपरेशन की स्टेंट, कसं ठरवायचं?

डॉपलरच्या (मानेच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टवर ‘कॅरोटिड ७० टक्के’, म्हणजे मेंदूला रक्त नेणारी मानेतली वाहिनी ७० टक्के अरुंद, असं दिसलं की नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत पहिला प्रश्न येतो, चिरा टाळता येईल का? त्याआधी तारीख आठवा. एका डोळ्यासमोर पडदा उतरल्यासारखा अंधार, हात लुळा पडणं, शब्द न फुटणं, असं अलीकडे झालं का? पाच मिनिटांत बरं वाटलं तरी ते मोजायचं. डोळा अरुंद बाजूचाच असतो, हातपाय विरुद्ध बाजूचे. जुळत असेल तर शक्यतो १४ दिवसांत उपचार व्हावा. उशीर होईल तसा फायदा घटतो.

लक्षणं असतील तर ७० ते ९९ टक्क्यांत सर्वाधिक फायदा, ५० ते ६९ मध्ये कमी. ५० च्या खाली फक्त गोळ्या. वाहिनी पूर्ण बंद असेल तर सहसा दोन्ही नाही. लक्षणंच नसतील तर आधी औषधं, घाई नको. डॉपलरवर विसंबू नका. सीटी अँजिओ (डाय देऊन रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) करा, तोही छातीतल्या महाधमनीच्या कमानीपासून डोक्यापर्यंत. स्टेंटची तार सहसा त्या कमानीतूनच जाते. वयाबरोबर ती वेडीवाकडी, कॅल्शियम साचून कडक झालेली असली की तारेच्या धक्क्याने कण सुटून मेंदूत जातात.

म्हणूनच सत्तरीपुढे आमचा कल ऑपरेशनकडे असतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, स्टेंट आणि ऑपरेशनची तुलना करणाऱ्या क्रेस्ट अभ्यासात २,५०२ रुग्ण होते. उपचाराच्या काळात स्ट्रोक स्टेंटनंतर ४.१ टक्के, ऑपरेशननंतर २.३, हार्ट अटॅक मात्र उलट, १.१ आणि २.३. हृदय फार कमजोर असेल, अडथळा जबड्याजवळ उंच असेल, किंवा मानेचं ऑपरेशन वा रेडिएशन झालं असेल तर स्टेंट बरा. खर्रा (तंबाखू-सुपारी) खाऊन तोंडाचा कॅन्सर आणि मग रेडिएशन, असे रुग्ण विदर्भात कमी नाहीत. त्यांची मान आतून चिकटलेली असते, चिरा अवघड जातो.

ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या एकत्र झेपत नसतील, म्हणजे पोटात रक्तस्राव वगैरे, तर स्टेंटचा हट्ट धरू नका. स्टेंटनंतर दोन्ही गोळ्या किमान चार आठवडे लागतात. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) वाढलेलं असेल, मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर डाय देण्याआधी सांगा.

स्टेंट बसवताना वाहिनीत फुगा फुगवला की नाडी मंदावते, बीपी पडतो, कारण दाब ओळखणाऱ्या नसा नेमक्या तिथेच असतात. ऑपरेशनमध्ये नसेला ताण बसून आवाज बसतो किंवा जीभ एका बाजूला वळते. बहुतेकदा काही आठवड्यांत-महिन्यांत सुधारतं. मान फुगून श्वास अडू लागला तर मात्र ती इमर्जन्सी.

डॉक्टरांना सरळ विचारा: तुमच्या हातून झालेल्या रुग्णांत स्ट्रोक आणि मृत्यू मिळून किती? लक्षणं असलेल्यांत ६ टक्क्यांच्या आत, नसलेल्यांत ३ च्या आत हवेत.

घरी, भंडारा-गडचिरोलीला परतताना बीपीचं मशीन सोबत न्या. पहिले काही आठवडे बीपी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या आकड्यापुढे गेला, एका बाजूचं डोकं जबर दुखलं किंवा फिट आली, तर फॉलोअपच्या तारखेची वाट न पाहता जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा.