नागपूरच्या अंगणात तुती

तुती लावायला नर्सरीतून रोप आणावेच लागते असे नाही. शेजाऱ्याकडे गोड फळांचे झाड असेल तर त्याचीच पेन्सिलीएवढी जाड, पक्व आणि तीन-चार डोळे असलेली वीतभर फांदी पावसाळ्याच्या सुरुवातीला मागून आणावी. नागपुरातच राज्याचे रेशीम संचालनालय असल्याने तुतीचे बेणे येथे अपरिचित नाही; परंतु रेशीमकिड्यांसाठीच्या जाती पाल्यासाठी निवडलेल्या असतात, तेव्हा फळे हवी असल्यास मूळ झाडाचे फळ आधी चाखून पाहावे.

कांडीचे दोन डोळे मातीत आणि उरलेले वर राहतील अशा बेताने, डोळ्यांची टोके वरच्या दिशेलाच ठेवून ती पिशवीत लावावी आणि दोन-अडीच महिन्यांनी मुळे धरल्यावर जमिनीत हलवावी.

आपल्याकडची काळी माती पावसात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन त्यात निम्मी माती आणि उरलेल्या भागात वाळू अथवा बारीक मुरूम व कुजलेले शेणखत भरावे, आणि रोप सभोवतालच्या जमिनीपेक्षा किंचित उंचावर बसवावे. भिंतीपासून व सांडपाण्याच्या नळापासून दहा-बारा फूट अंतर हवे. फरशीवर किंवा वाहनतळावर फांद्या येऊ देऊ नयेत, कारण पिकल्या फळांचे जांभळे डाग सहजी जात नाहीत.

पहिल्या दोन उन्हाळ्यांत, पारा पंचेचाळीसच्या घरात असताना, दिवसाआड संध्याकाळी आळे भरून पाणी द्यावे आणि बुंध्यापासून चार बोटे सोडून पाचोळ्याचे आच्छादन करावे. पुढे झाड स्वतःचे पाहून घेते.

खरे कौशल्य छाटणीत आहे. तुतीला फळे नव्या फुटव्यांवर येतात. त्यामुळे न छाटलेले झाड उंच वाढते, आणि फळे माणसांऐवजी बुलबुल व कोकिळा खातात. डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत आठवडाभर पाणी तोडावे, फांद्या एक-तृतीयांश आखडाव्यात, उरलेली पाने हाताने ओरबाडून काढावीत आणि मग शेणखत घालून भरपूर पाणी द्यावे. काही दिवसांत डोळे फुटतात आणि नव्या पालवीबरोबरच कळ्या दिसू लागतात. मन कठोर करूनच कात्री चालवावी, हा माझा अनुभव आहे.

शेंडे आखडून पाने चुरगळलेली दिसली तर बहुधा पिठ्या ढेकूण, म्हणजे पिठासारखी पांढरी रसशोषक कीड, असतो. तेवढे शेंडे कापून नष्ट करावेत आणि उरलेल्या फांद्यांवर सौम्य साबणाचे पाणी फवारावे. फळे साल न काढता खायची असल्याने बहराच्या काळात विषारी औषध मुळीच मारू नये.

फळ गर्द जांभळे होऊन नुसत्या स्पर्शाने हाती आले की तोडावे, आणि त्याच दिवशी खावे.