पुढचा एक्सल मजबूत करायचाय? आधी नेमकं काय तुटतंय ते बघा

पावसाळा आला की आपल्याकडं तेच प्रश्न सुरू होतात, जिप्सीला पुढं कुठला एक्सल टाकू, थारला सॉलिड एक्सल (दोन्ही चाकं एकाच अखंड एक्सलवर) बसंल का, डाना ४४ (डाना कंपनीचा मोठा एक्सल) कुठं भेटंल. आणि सांगणारे पण सगळ्यात मोठ्या एक्सलचं नाव घेऊन मोकळे होतात. माझं मत सरळ आहे, एक्सल निवडताना पहिला प्रश्न "किती मोठा" हा नकोच, "यात पहिलं काय तुटंल आणि ते मला जागेवर बदलता येईल का" हा पाहिजे. कारण एक पार्ट मजबूत केला की जोर पुढच्या कमजोर पार्टवर जातो. शाफ्ट भारी टाकला तर क्रॉस (शाफ्टचा वळणारा सांधा) जातो, क्रॉस भारी टाकला तर क्राउन-पिनियनचे (एक्सलच्या मधल्या गोळ्यातल्या गिअरजोडीचे) दाते उडतात, आणि किनवट-माहूरच्या जंगलात क्रॉस दोन पान्यांत आणि हातोडीत बदलून होतो, क्राउन बदलून होत नाही. म्हणून तुटायचंच असंल तर स्वस्तातलं आणि बाहेरच्या बाजूचं तुटावं, अशा हिशोबानं सगळं जमवायचं.

आधी तुमच्या गाडीत काय आहे ते पक्कं करा. जुन्या महिंद्रा जीपा, जिप्सी आणि जिम्नी यांना पुढं सॉलिड एक्सल आहे. थारला, जुनी सीआरडीई इंजिनवाली घ्या नाहीतर २०२० नंतरची, पुढं आयएफएस आहे म्हणजे दोन्ही चाकं वेगवेगळी हालतात, आणि २०२१ पासूनच्या गुरखालाही तसंच. आयएफएसवाल्यांना सॉलिड टाकायचा म्हणजे नुसता एक्सल बदलणं नसतं, त्यात ब्रॅकेट, स्प्रिंग, स्टिअरिंग, प्रोपेलर शाफ्ट सगळंच नवीन येतं. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला मी हे काम करा म्हणणार नाही, सीव्ही जॉइंट (चाक वळलं-हाललं तरी फिरणारे शाफ्टचे सांधे) चांगले ठेवा, एक जोडी डिक्कीत ठेवा, बास.

आता काही तुटलं असंल तर तो तुकडा भंगारात देऊ नका, त्याच्यातच अर्धं उत्तर असतं. उन्हात धरून तुटलेली बाजू बघा. एका कडेपासून गुळगुळीत भाग आणि त्यावर बारीक वलयं दिसली, आणि उरलेला भाग खरबरीत असंल, तर चीर आधीपासून होती, हळूहळू वाढत गेली आणि शेवटी सुटली. हा थकलेला पार्ट, तसाच नवीन ओरिजिनल टाकला तरी बरीच वर्षं जाऊ शकतात. सगळाच भाग एकसारखा दाणेदार करडा दिसला तर एका झटक्यात गेलाय, म्हणजे खरंच जोर जास्त पडला. आणि न तुटलेल्या शाफ्टच्या स्प्लाइनवर (टोकाच्या लांब दात्यांवर) पट्टी ठेवून बघा, दाते सरळ न राहता तिरपे पिळलेले दिसले तर तो शाफ्ट गेल्यात जमा धरा.

झटका कुठून येतो ते समजून घ्या, कारण सगळा खेळ त्याचाच आहे. समजा इंजिनचा टॉर्क २०० न्यूटन मीटर, पहिला गिअर ४ चा, ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणाऱ्या पेटीचा) लो गिअर २.५ चा, क्राउन-पिनियन ४.५ चं, तर गुणाकार ९,००० होतो. पण एवढा जोर चाकापर्यंत पोचतच नाही, कारण त्याआधी टायर घसरतो. चाकावर ४५० किलो वजन असंल आणि टायरची त्रिज्या ३६ सेंटीमीटर असंल तर कोरड्या दगडावर सुद्धा साधारण बाराशे-तेराशे न्यूटन मीटरला टायर सुटतो. घसरणारा टायर म्हणजे शाफ्टचं संरक्षणच आहे. हे संरक्षण कधी जातं, तर टायर दोन दगडांच्या मधी अडकल्यावर, किंवा जोरात फिरणारं चाक एकदम पकड घेतं तेव्हा. आणि आपल्या मराठवाड्यात हे दुसरं लई होतं. पाणंद रस्त्यावरची काळी माती पावसात टायरच्या खाचा भरून टाकते, टायर गुळगुळीत होऊन नुसता फिरतो, आपण रेस देत राहतो, आणि चाकोरीत खाली जाता जाता टायर मुरुमावर नाहीतर बेसाल्टच्या खडकावर टेकला की फिरणारं चाक एका क्षणात थांबतं. त्यात स्टिअरिंग फुल वळवलेलं असतं, आणि वळलेल्या स्थितीत क्रॉसच्या कानांवर सगळ्यात जास्त ताण येतो. अशा वेळी एक्सल कुठलाही असो, रेस सोडा, स्टिअरिंग सरळ करा, मग हळू काढा. निम्मे शाफ्ट एवढ्यानंच वाचतील.

टायर वाढवला की त्रिज्या वाढते, वजन वाढतं, आणि तेवढाच जोर शाफ्टवर वाढतो. माझा हिशोब असाय की ३१ इंचापर्यंत जिप्सी किंवा जुन्या जीपला मूळ हौजिंग (एक्सलचं बाहेरचं कवच) ठेवून आतलं चांगलं करा. ३३ ला शाफ्ट आणि जॉइंट चांगल्या स्टीलचे घ्या आणि हौजिंगला आधार द्या. ३५ च्या पुढं जायचं असंल तरच मोठ्या एक्सलचा विचार करा. डाना ३० चं क्राउन ७.२ इंचाचं, डाना ४४ चं ८.५ आणि डाना ६० चं ९.७५ इंचाचं असतं, पण क्राउन मोठं म्हणजे गोळा मोठा, तो खाली लटकतो आणि दगडाला आधी तोच लागतो. वजन वाढतं ते वेगळंच, आणि ते स्प्रिंगच्या खालचं वजन असतं, खराब रस्त्यावर गाडी जास्त आपटते. नुसत्या नावावर पण जाऊ नका, रँग्लर रुबिकॉनच्या डाना ४४ ला सुद्धा लोक हौजिंगच्या नळीत स्लीव्ह (आतून दुसरी नळी) आणि सी-गसेट (टोकांना आधाराचे तुकडे) टाकतात, म्हणजे समजून घ्या.

शाफ्ट घेताना स्टील विचारा. बाहेरच्या कंपन्या ४३४० क्रोमोली म्हणतात, आपल्याकडं त्याच्या जवळचं ईएन२४, आणि ४१४० च्या जवळचं ईएन१९. वाळूज-चिकलठाण्यात फोर्जिंग, लेथ, हीट ट्रीटमेंट सगळी कामं होतात त्यामुळं शाफ्ट बनवून घ्यायचा मोह होतो, आणि बनवू पण शकता, पण बारवर नुसतं लेथ मारून स्प्लाइन कापली आणि हीट ट्रीटमेंट केलीच नाही तर ईएन२४ चे पैसे पाण्यात गेले. हार्डनेसचा रिपोर्ट मागा, देत नसतील तर दुसरं दुकान बघा. शाफ्टवर जिथं जाडी बदलते तिथं कोपरा गोलाईत आहे ना हे बोटानं चाचपून बघा, धारदार कोपऱ्यातूनच चीर सुरू होते. रोल केलेली (दाबून बनवलेली) स्प्लाइन भेटली तर कापलेल्यापेक्षा ती घ्या.

हौजिंगला आधार द्यायचा तर वेल्डिंगवाल्याला आधीच सांगा, एका दमात लांब वेल्ड मारायचं नाही. थोडं इकडं, थोडं तिकडं, मधी गार होऊ द्यायचं, नाहीतर नळी वाकते, शाफ्ट सीलवर घासतो आणि नंतर महिना महिना ऑइल गळत बसतं.

पूर्ण एक्सल बदलायचा ठरलाच तर पैसे द्यायच्या आधी मापं घ्या. पुढच्या-मागच्या क्राउन-पिनियनचा रेशो एकच पाहिजे, क्राउनचे दाते भागिले पिनियनचे दाते, म्हणजे ४१ भागिले ११ आलं तर ३.७३, ४१ भागिले ९ आलं तर ४.५६. पुढं एक आणि मागं दुसरा ठेवून फोर बाय फोर टाकलं तर ट्रान्सफर केस मरतो. ट्रान्सफर केसमधून पुढचा प्रोपेलर ज्या बाजूनं निघतो त्याच बाजूला एक्सलचा गोळा पाहिजे. चाकाचे बोल्ट बघा, जिप्सी-जिम्नीला ५×१३९.७ आहे आणि रँग्लर जेकेला ५×१२७, म्हणजे पुढं एक रिम मागं दुसरी, आणि स्टेपनी अर्ध्या गाडीलाच चालणार. हाय पिनियन (पिनियन वरच्या अंगाला असलेला एक्सल) भेटत असंल तर पुढं तोच बरा, प्रोपेलर दगडापासून वर राहतो आणि पुढं जाताना दात्यांची मजबूत बाजू कामाला येते. कॅस्टर अँगल (चाक ज्या धुरीवर वळतं तिचा मागं-पुढं कल) बसवतानाच जुळवून घ्या, नंतर स्टिअरिंग हायवेवर भरकटलं की ब्रॅकेट परत कापावे लागतात.

जुना एक्सल घेताना झाकण उघडायला लावा. ऑइल दुधासारखं पांढरट असंल तर आत पाणी गेलेलंय, बेअरिंगवर गंज बघा. दात्यांना निळा रंग लावून फिरवा, खूण दात्याच्या मधोमध उमटली पाहिजे. विकणारा उघडू देत नसंल तर तिथून निघा.

लॉकर (दोन्ही चाकं एकत्रच फिरवणारा पार्ट) टाकायचा असंल तर आधी मागं. पुढं लॉकर टाकला की सगळा जोर एकाच शाफ्टवर येऊ शकतो, म्हणून शाफ्ट-जॉइंट झाल्याशिवाय पुढं नको, आणि पुढं घ्यायचा तर बटणावर चालू-बंद होणाराच घ्या. ब्रीदरचा (एक्सलमधली हवा आत-बाहेर जायच्या वाटेचा) पाइप बोनेटपर्यंत वर नेणं हे सगळ्यात स्वस्त काम, आणि बरेच जण तेच सोडतात. गरम एक्सल ओढ्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर बुजलेला असंल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं.

कागदपत्रांचं पण बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीच्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल चालत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं पण तेच सांगितलं. शाफ्ट, क्रॉस, बेअरिंग बदलणं म्हणजे दुरुस्ती, पण पूर्ण एक्सल बदलायच्या आधी आरटीओत आणि इन्शुरन्सवाल्याकडं विचारून घ्या, अपघातानंतर क्लेम अडकला तर सगळं महागात पडतं.

बसवून झाल्यावर नवीन क्राउन-पिनियन असंल तर पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं हलकी चालवा आणि पूर्ण गार होऊ द्या, असं दोन-तीनदा करा. मग साधारण ८०० किलोमीटरला ऑइल काढून नवीन जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल भरा, ड्रेन बोल्टच्या चुंबकावर बारीक भुकटी असणारच पण कण किंवा तुकडा दिसला तर झाकण उघडा. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) यू-बोल्ट पहिल्या शंभर किलोमीटरनंतर परत आवळा.